पानिपतानंतरचे भाऊसाहेब

वरसे-रोह्याहून कुंडलिकेच्या काठाने खाली गेले की रेवदंड्याची खाडी लागते. तिथून किनारा धरून उत्तरेला अलिबाग, आणि अलिबागसमोर समुद्रात कुलाबा किल्ला. ओहोटीला चालत जाता येते, भरतीला होडी लागते. १७७६ साल सरता सरता या किल्ल्याच्या आश्रयाला एक गलबत आले. त्यातला माणूस मुंबईहून परत फिरला होता. इंग्रजांनी त्याला तिथे उतरू दिले नव्हते. पाठीवर पेशव्यांची फौज, पुढे पाणी. स्वतःचे नाव तो सांगत होता सदाशिव चिमणाजी, म्हणजेच पानिपतात पडलेले भाऊसाहेब पेशवे. कुलाब्याचे धनी रघुजी आंग्रे यांनी त्याला कैद करून पुण्याला पाठवले.

भाऊसाहेबांचे घराणे याच किनाऱ्यावरचे. त्यांचे आजोबा बाळाजी विश्वनाथ भट श्रीवर्धनचे. १७१४ मध्ये याच बाळाजींनी कान्होजी आंग्र्यांशी बोलणी करून त्यांना शाहू महाराजांच्या पक्षात आणले आणि त्यातून पेशवेपदावर आपली मांड पक्की केली. बाळाजींचा नातू म्हणवणाऱ्याला पकडले ते कान्होजींच्या नातवाने. किल्ल्यातले गणेश पंचायतनही या रघुजींच्याच कारकिर्दीतले.

भाऊ गेले कसे, याला एक साक्षीदार होता. काशीराज पंडित हा शत्रूपक्षातल्या शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेला मराठी माणूस. पुढे १७८० मध्ये त्याने फारसीत लढाईची हकीकत लिहिली. १४ जानेवारी १७६१ ला विश्वासराव गोळी लागून पडले. भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि गर्दीत शिरले. पुढे रणात शीर नसलेले एक धड सापडले. ओळख पटवायला खुणा पाहिल्या गेल्या : मांडीवर रुपयाएवढा काळा डाग, पाठीवर कट्यारीच्या जुन्या वाराचा वण, तळपायावर शुभ रेषा. त्याशिवाय हातांना आणि गुडघ्यांना घट्टे होते, कारण भाऊ रोज बाराशे नमस्कार घालत. धडाला अग्नी दिला गेला.

एवढा तपशीलवार पुरावा मोजक्याच मृतांच्या वाट्याला येतो. तरीही तो पुण्यात सगळ्यांच्या गळी उतरला नाही. ओळख पटली ती शत्रूच्या छावणीत, धडाला शीर नव्हते आणि रणातून जीव घेऊन आलेल्या प्रत्येकाकडे आपापली वेगळी हकीकत होती. नानासाहेब पेशवे तर त्या धक्क्याने २३ जून १७६१ ला पर्वतीवर गेले. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई पानिपताहून जिवंत परत आल्या होत्या. त्यांनी कुंकू पुसले नाही.

अशा घरात तोतया येणारच. बुंदेलखंडातला सुखलाल नावाचा एक कनोजा ब्राह्मण चेहऱ्यामोहऱ्याने भाऊंसारखा दिसे. त्याचे नाव सुखनिधान असेही सांगतात. उत्तरेत त्याच्याभोवती माणसे जमू लागली. माधवराव पेशव्यांनी त्याला पुण्यात आणवून चौकशी केली आणि तो तोतया ठरला. पण जीव न घेता त्याला किल्ल्यावर डांबले. एका किल्ल्यावरून दुसऱ्या किल्ल्यावर करत शेवटी तो रत्नागिरीत पोहोचला. धाक असलेला पेशवा गादीवर होता तोवर हा कैदी कुणाच्या कामाचा नव्हता.

मग दिवस फिरले. माधवराव १७७२ मध्ये वारले. पुढच्याच वर्षी ३० ऑगस्टला शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. गादीवर सवाई माधवराव, म्हणजे १८ एप्रिल १७७४ ला जन्मलेले मूल. राघोबादादा इंग्रजांच्या आसऱ्याला गेलेले. कारभार सखारामबापू आणि नाना फडणीस यांच्या हाती. १ मार्च १७७६ ला पुरंदरचा तह झाला, पण मुंबईकर इंग्रजांना तो मनापासून नको होता. तान्ह्या पेशव्याच्या नावाने चाललेला कारभार ज्यांना सलत होता, त्यांना एक वडीलधारा, शूर आणि पेशव्यांच्याच रक्ताचा धनी हवा होता. रत्नागिरीचा सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे याने तोतयाला मोकळे केले.

पाहता पाहता वीस हजारांचा जमाव झाला. कोकणातला बराच मुलूख हाताखाली आला आणि पावसाळा सरताच तोतया बोरघाट चढून वर आला. म्हणजे बंड पुण्याच्या दारात उभे राहिले. महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांनी ते मोडले. या दोघांपैकी महादजी स्वतः पानिपतावर लढलेले. पायाला झालेली जखम त्यांना जन्मभर पुरली. नाना फडणीसही तिथे होते, अठरा वर्षांचे, भाऊंच्या छावणीत. पळापळीत त्यांची आई हरवली ती पुन्हा भेटली नाही. आत्मचरित्रात त्यांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. खऱ्या भाऊंना जवळून पाहिलेल्या माणसांनीच खोट्या भाऊंचा निकाल लावला. पुण्यात पुन्हा चौकशी झाली आणि डिसेंबर १७७६ मध्ये त्याला देहदंड दिला गेला.

पार्वतीबाई मात्र बधल्या नाहीत. हा तोतया खोटा ठरला म्हणून भाऊ मेले असे थोडेच होते! १७८३ मध्ये त्या वारल्या, त्या सवाष्ण म्हणूनच. न. चिं. केळकरांनी १९१३ मध्ये हे सारे प्रकरण ‘तोतयाचे बंड’ या नाटकात आणले.

ज्याच्या शेवटाची खात्री नाही, त्याच्याविषयीचे तर्क थांबत नाहीत. कल्पित राज्यांतल्या सरदारांचेही असेच होते. जे. आर. आर. टॉल्किनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये केलेबॉर्न नावाचा एल्फांचा सरदार आहे. त्याची पत्नी गलाद्रिएल समुद्रापार निघून जाते, तो मागे राहतो. पुढे तो रिव्हेंडेलला राहायला गेला इथवर कळते. तोही अखेर जहाजात बसला, पण कधी, त्या दिवसाची नोंद नाही, एवढे सांगून लेखक गप्प बसतो. वाचक ती रिकामी जागा आपापल्या तर्काने भरत आले आहेत. फरक इतकाच की केलेबॉर्नच्या नावाने कुणाला गादी मिळणार नव्हती, म्हणून त्याचा तोतया निघाला नाही.

पेशव्यांच्या घराण्यात हा खेळ आणखी एकदा झाला. १८५७ च्या उठावात हरलेले दुसरे नानासाहेब १८५९ च्या सुमाराला नेपाळच्या तराईत दिसेनासे झाले. त्यानंतर इंग्रज सरकार संशयावरून माणसे धरत राहिले. १८७४ मध्ये ग्वाल्हेरच्या जयाजीराव शिंद्यांनी हेच ते नानासाहेब म्हणून एक माणूस इंग्रजांच्या ताब्यात दिला. त्याला कानपूरला नेऊन साक्षीदारांपुढे उभे केले गेले. तो नानासाहेब नव्हता.