छातीवरची मगर

आमच्या कंपनीला पंचवीस वर्षं पुरी झाली तेव्हा सर्वांना टी-शर्ट वाटायचं ठरलं आणि त्याच्या समितीवर माझी नेमणूक झाली. कारण एवढंच, की कधीतरी चहाच्या वेळी ‘आमची आत्या भरतकाम करायची’ असं वाक्य माझ्या तोंडून निघून गेलं होतं. कचेरीत कुठलंच वाक्य वाया जात नाही.

पहिला प्रश्न, बोधचिन्ह छापायचं की भरून घ्यायचं? छपाई स्वस्त. पण साहेब म्हणाले, “एम्ब्रॉयडरीच. वजन येतं माणसाला.” हे मात्र त्यांचं एकट्याचं मत नव्हे. बगदादचे अब्बासी खलिफा आणि कैरोचे फातिमी खलिफा यांनी हजारएक वर्षांपूर्वी हेच ओळखलं होतं. मर्जीतल्या माणसाला ते जो मानाचा झगा देत, त्याच्या बाहीवर खलिफाचं नाव भरलेली किंवा विणलेली पट्टी असे. तिला म्हणत तिराज. त्यासाठी सरकारी कारखाने होते, आणि पुष्कळदा कारखान्याचं गाव आणि साल त्या पट्टीवरच लिहिलेलं असे. चौदाव्या शतकात इब्न खल्दूननं राजसत्तेच्या खुणा सांगताना या तिराजला मुद्दाम जागा दिली आहे. म्हणजे बाहीवर साहेबांचं नाव वागवत हिंडण्यात आम्ही काही पहिले नव्हतो.

छातीवर चिन्ह आणलं ते मात्र एका टेनिसपटूनं. रने लाकोस्त हा फ्रेंच खेळाडू 1923 साली डेव्हिस चषकासाठी बोस्टनला गेला होता. दुकानात मगरीच्या कातड्याची एक बॅग त्याच्या मनात भरली. कप्तान म्हणाला, सामना जिंकलास तर घेऊन देतो. गडी हरला. बॅग राहिली, पण बातमीदारांनी त्याला ‘मगर’ हे नाव चिकटवलं. आपल्याकडे असं नाव पडलं तर माणूस गाव सोडेल. यानं मित्राकडून मगरीचं चित्र काढून घेतलं आणि ते कोटावर भरून घेतलं! पुढे 1933 साली होजियरीवाल्या आंद्रे जिलिए यांच्याबरोबर कंपनी काढून त्यानं ती मगर सदऱ्यावर बसवली. तोवर कपडे करणाऱ्याचं नाव आत, मानेपाशी लपलेलं असायचं. ते बाहेर आलं आणि गिऱ्हाईक स्वतःच्या पैशानं दुसऱ्याची जाहिरात करू लागलं.

आमचं चिन्ह मगरीइतकं सोपं नव्हतं. दातेरी चाक, धुराडं, मागून उगवणारा सूर्य, आणि खाली संस्कृत ब्रीदवाक्य. भरतकामाचा कारखाना एका औद्योगिक वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावर. एकाच वेळी बारा सुया खाली जात होत्या, बारा वर येत होत्या. मालकानं कागद बघून सांगितलं, “साहेब, सूर्य उगवेल, पण हळूहळू नाही उगवणार. एक तर पिवळा, नाही तर केशरी. आणि पाच मिलिमीटरच्या खालचं अक्षर भरलं की त्याची अळी होते.” भाव टाक्यांवर असतो हेही त्यानंच सांगितलं. छातीवरचं साधं चिन्ह पाच-सात हजार टाक्यांत बसतं; आमचं धुराडंच तेवढं खाणार होतं. शिवाय टी-शर्टाचं कापड ताणतं, आतून अस्तर लावलं नाही तर चुण्या पडतात. चित्राचे टाके पाडून मशीनला समजावण्याच्या कामाला तो ‘पंचिंग’ म्हणत होता. संगणक आला तरी शब्द जुनाच. स्वित्झर्लंडात ईझाक ग्रोब्लीनं 1863 साली धोट्याचं भरतयंत्र केलं, आणि त्याच्या मुलानं 1898 साली ते भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यावर चालवलं. ती भोकं गेली, नाव राहिलं.

मला मात्र त्या खडखडाटात आत्या आठवत होती. आतोबा गेल्यावर तिनं शाळेच्या खिशांचे मोनोग्राम भरून दोन मुलं वाढवली. पायमशीनचा दाब काढून टाकायचा, कापड रिंगेत ताणायचं, आणि पायानं मशीन, हातानं रिंग फिरवत समई भरायची. पैसे डझनावर. पन्नास खिशांवरच्या पन्नास समया, पण एकीची ज्योत दुसरीसारखी नसायची. पुढे जवळच कुठेतरी असंच बारा सुयांचं मशीन आलं आणि शाळेनं “या वर्षी नको, ताई” असं कळवलं. ते ‘या वर्षी’ मग संपलंच नाही.

समितीत मी ब्रीदवाक्य काढायला सुचवलं. मोठी चर्चा झाली. शेवटी साहेब म्हणाले, निदान पहिला शब्द तरी राहू दे. त्या शब्दात दोन जोडाक्षरं होती आणि एक विसर्ग.

नमुन्याचा शर्ट आला तो मी रविवारी आत्याकडे घेऊन गेलो. तिनं सुलटा बघितलाच नाही. उलटा करून खिडकीशी धरला, टाक्यांच्या मागच्या बाजूवरून बोट फिरवलं. “पाठ स्वच्छ आहे हो,” ती म्हणाली. “गाठ म्हणून नाही कुठे. मला नसतं जमलं असं.” मला काय बोलावं कळेना. मग तिनं तो सुलटा केला आणि चष्मा पुसून पुन्हा लावला.

“पण काय रे, या चाकाखाली ही अळी कसली?”

“संस्कृत आहे ते, आत्या.”

“असं होय,” ती म्हणाली, आणि मशीनच्या खणातली बारीक कात्री शोधायला लागली.