संगणकसेवांची वापरमर्यादा

संगणकसेवांची वापरमर्यादा : अनेकांच्या सामाईक उपयोगात असलेल्या संगणकसेवेकडून एका उपयोगकर्त्यास ठराविक कालावधीत किती काम करून घेता येईल, यासंबंधी सेवाचालकाने घातलेले बंधन. दर सेकंदास वा मिनिटास स्वीकारावयाच्या विनंत्यांवरील बंधनास दरमर्यादा, तर दिवस, महिना किंवा खाते यांसाठी ठरवून दिलेल्या वाट्यास नियतांश (कोटा) म्हणतात. मेघ संगणनात (क्लाउड) दूरस्थ केंद्रातील संगणकशक्ती ‘एपीआय’ या ठरीव द्वारातून मिळते. त्यामुळे मर्यादा सामान्यतः या द्वारापाशीच लावली जाते. यंत्रणा कोलमडू नये, एकाच्या अतिवापराने इतरांची अडवणूक होऊ नये आणि खर्च आटोक्यात राहावा, हे तिचे प्रमुख हेतू होत. कोकणातील बागायतीत पाटाचे पाणी पाळीने घेण्यामागील तत्त्वही हेच आहे.

इतिहास : संगणक दुर्मिळ व महाग असतानाच नियतांशाची कल्पना उदयास आली. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स तंत्रविज्ञान संस्थेत १९६१ मध्ये दाखविण्यात आलेल्या कालविभाजन प्रणालीत पुढे प्रत्येक उपयोगकर्त्यास संगणकीय वेळ व साठवणीची जागा वाटून देण्यात येई. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये टिफ्रॅक हा देशी बनावटीचा संगणक कार्यान्वित झाला आणि १९६४ मध्ये तेथे सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला. देशातील इतर संशोधनसंस्थाही त्याचा उपयोग करीत असल्याने, वेळ कोणास व किती द्यावयाचा हा प्रश्न महाराष्ट्रात तेव्हापासूनच उपस्थित झालेला होता.

संदेशवहनाच्या जाळ्यातील गर्दी नियंत्रित करण्यासाठी जॉनाथन टर्नर यांनी १९८६ मध्ये ‘गळक्या बादली’ची पद्धत वर्णिली. बादलीत पाणी कितीही वेगाने ओतले, तरी छिद्रातून ते ठराविक वेगानेच बाहेर पडते. बादली भरल्यावर येणारे पाणी सांडून वाया जाते. विनंत्यांनाही हाच न्याय लावता येतो. २००६ मध्ये ॲमेझॉन कंपनीने साठवण व संगणन या सेवा भाड्याने देण्यास प्रारंभ केला आणि खातेनिहाय मर्यादा ही व्यापारी व्यवहाराची सर्वसामान्य अट बनली. गूगलने आपल्या नकाशासेवेच्या विनामूल्य वापरावर २०११ मध्ये दिवसाला २५,००० नकाशांची मर्यादा जाहीर केली. ‘विनंत्या फार झाल्या’ असे कळविणारा ४२९ हा संकेतांक एप्रिल २०१२ मध्ये प्रमाणित झाला. ॲमेझॉनचे मेघ संगणन केंद्र मुंबईत जून २०१६ मध्ये सुरू झाले.

कोविन व रत्नागिरी जिल्हा : वापरमर्यादेचा सर्वसामान्य माणसाच्या जीवनाशी येणारा संबंध २०२१ मधील कोविड लसीकरणात स्पष्ट झाला. १८ ते ४४ वर्षे वयाच्या नागरिकांची कोविन प्रणालीवरील नोंदणी २८ एप्रिल रोजी सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी एक कोटीहून अधिक लोकांनी नावे नोंदविली. या प्रणालीचे सार्वजनिक एपीआय जिल्हावार व पिनकोडवार केंद्रांची माहिती देत असे. एका आयपी पत्त्यावरून ५ मिनिटांत १०० विनंत्या, अशी त्याची मर्यादा होती. आज्ञावली लिहू शकणाऱ्यांनी त्याआधारे रिकाम्या जागांची सूचना देणारी साधने तयार केली. मे महिन्यात ही सार्वजनिक माहिती ३० मिनिटांपर्यंत जुनी असू शकेल, असा बदल करण्यात आला. जागा काही मिनिटांतच भरून जात असल्याने या बदलास मोठे महत्त्व होते.

नोंदणी करणाऱ्यास कोणत्याही जिल्ह्यातील केंद्र निवडण्याची मुभा होती. त्यामुळे शहरांतील लोक ग्रामीण केंद्रांवरील जागा घेत असल्याच्या तक्रारी महाराष्ट्रात अनेक ठिकाणी झाल्या. मंडणगडपासून राजापूरपर्यंत पसरलेल्या डोंगराळ रत्नागिरी जिल्ह्यात गावी वृद्ध माणसे आणि नोकरीनिमित्त मुंबईत तरुण, अशी विभागलेली कुटुंबे बरीच आहेत. एका भ्रमणध्वनी क्रमांकावर चारच व्यक्तींची नोंद होऊ शके; ही मर्यादा जानेवारी २०२२ मध्ये सहा करण्यात आली. त्यातच १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळाने किनाऱ्यास तडाखा दिला व जिल्ह्यात अनेक ठिकाणी वीजपुरवठा खंडित झाला. वीज नसलेल्या गावी विनंत्यांच्या मर्यादेचा प्रश्नच उद्भवत नव्हता; पहिली विनंती पाठविणेही तेथे अशक्य होते.

शासकीय केंद्रांवर या वयोगटाची जागेवरच नोंदणी करण्यास २४ मे रोजी अनुमती मिळाली. केवळ संगणकीय नोंदणीवर विसंबणारे धोरण साधनहीन वर्गास लसीपासून दूर ठेवील, अशी चिंता सर्वोच्च न्यायालयाने ३१ मे रोजीच्या आदेशात व्यक्त केली. २१ जूनपासून पूर्वनोंदणीची सक्ती राहिली नाही.

अलीकडील नियमन : २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआय या देयकप्रणालीत १२ एप्रिल २०२५ रोजी अडथळा आला. काही बँकांनी व्यवहारांची स्थिती विचारणाऱ्या विनंत्यांचा मारा केल्याचे त्याचे कारण सांगण्यात आले. त्या वर्षी १ ऑगस्टपासून एका अनुप्रयोगातून (ॲप) दिवसाला ५० वेळाच शिल्लक पाहण्याची मर्यादा लागू झाली. प्रत्यक्ष देयकांना ही मर्यादा लागू नव्हती. अत्यावश्यक काम व केवळ चौकशी यांत भेद करणारे हे नियमन होय.

मूल्यमापन : यंत्राची क्षमता मोजणे हे तंत्रज्ञाचे काम आहे, परंतु तिची वाटणी कोणते एकक धरून करावयाची, हा निर्णय सामाजिक असतो. आयपी पत्ता, भ्रमणध्वनी क्रमांक, खाते व व्यक्ती ही चार भिन्न एकके आहेत. एका क्रमांकाआड सारे कुटुंब असू शकते, तर एका व्यक्तीजवळ अनेक क्रमांक असू शकतात. सर्वांना सारखी मर्यादा घातल्याने सर्वांना सारखी संधी मिळतेच असे नाही. म्हणून सार्वजनिक सेवेत मर्यादेबरोबरच द्वारापर्यंत पोहोचू न शकणाऱ्यांसाठी पर्यायी वाट ठेवणे आवश्यक ठरते.