आखाडा, मैदान आणि पडदा : बडोद्यातील बालस्वास्थ्याची वाटचाल

शाळेचा इतिहास लिहिताना आपण सामान्यतः निकालांची, इमारतींची आणि शिक्षकांच्या पिढ्यांची नोंद घेतो. मुले दिवसातून किती वेळ बसली आणि किती वेळ धावली, याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडत नाही. हीरक महोत्सवाच्या प्रसंगी मात्र हा प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. मुलांच्या प्रकृतीविषयी आज घरोघर जी चिंता व्यक्त होते, तिचा सारा दोष मोबाईलवर टाकला जातो. वस्तुतः तिची मुळे बरीच मागे जातात, आणि आपल्या बडोद्याच्या इतिहासात ती विशेष स्पष्टपणे दिसतात.

महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आरंभिला आणि १९०६ साली तो संपूर्ण संस्थानात लागू केला. या सुधारणेचे मोल वादातीत आहे. तथापि तिची एक बाजू क्वचितच ध्यानात घेतली जाते. शेतात, गुरांमागे, नदीकाठी वावरणारे मूल आता दिवसाचे कित्येक तास एका जागी बसू लागले. मुलाला बसविणारी पहिली संस्था शाळाच होय. पडदा फार नंतर आला.

या बैठ्या दिनक्रमावरचा उतारा त्याच नगरात तयार होत होता. जुम्मादादांच्या तालमीत घडलेले राजरत्न प्रा. माणिकराव यांनी व्यायाम हा मोजक्या पहिलवानांचा विषय राहू दिला नाही. सांघिक कवायतीच्या रूपाने आणि हिंदी आज्ञांच्या साहाय्याने त्यांनी तो सर्वसामान्य मुलांपर्यंत नेला. १८८३ साली डभोई येथे जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे यांनी त्यांच्याकडेच व्यायामाचे धडे घेतले. पुढे स्वामी कुवलयानंद या नावाने त्यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि योगविद्येला प्रयोगशाळेची जोड दिली. येथील हिंदविजय जिमखान्याने हुतूतूला नियमबद्ध रूप देण्यात पुढाकार घेतला. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी १९३६ ते १९४९ या काळात ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड मराठीत सिद्ध केले. मुलाची हालचाल आपोआप होईल, असे या मंडळींनी गृहीत धरले नाही. तिला जागा, ठरावीक वेळ आणि गुरू लागतो, हे त्यांनी ओळखले होते.

बैठेपणाचा शास्त्रीय पुरावा मात्र नंतर मिळाला. १९५३ साली जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या बसचालकांची व वाहकांची तुलना प्रसिद्ध केली. दिवसभर आसनावर बसणाऱ्या चालकांपेक्षा दुमजली बसचे जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होत असे. नोकरी एकाच संस्थेची होती. भेद मुख्यतः हालचालीचा होता.

आपल्या भागात पडदा आला तो प्रथम चावडीवर. १९७५ साली खेडा जिल्ह्यातील पीज येथून दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण सुरू झाले. गावाचा एक सामायिक संच, संध्याकाळचा थोडा वेळ आणि भोवती जमलेला सारा गाव, असे त्याचे रूप होते. १९८२ साली रंगीत चित्र आणि राष्ट्रीय कार्यक्रम आले. १९८७ पासून रविवारची सकाळ ‘रामायण’ मालिकेने व्यापली. १९९१ नंतर उपग्रह वाहिन्यांनी दिवसाचे सर्व प्रहर भरून काढले. २०१६ नंतर स्वस्त इंटरनेटमुळे पडदा प्रत्येकाच्या तळहातावर आला आणि मार्च २०२० मध्ये शाळाच पडद्यात शिरली. गावाचा पडदा घराचा झाला, घराचा एकेकट्याचा झाला. गावाच्या पडद्याला उठण्याची वेळ ठरलेली होती. हातातल्या पडद्याला ती नाही.

पडद्याची खरी हानी, तो मुलाकडून काय हिरावतो यात आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सिडनी व सिंगापूर येथील चिनी वंशाच्या सहा-सात वर्षांच्या मुलांची तुलना केली गेली. सिंगापूरमध्ये सुमारे २९ टक्के मुलांना लघुदृष्टिदोष होता, तर सिडनीत केवळ ३ टक्क्यांच्या आसपास. विशेष म्हणजे सिडनीची मुले पुस्तके अधिक वाचत होती. भेद होता तो उघड्यावर घालविलेल्या वेळेचा : सिडनीत आठवड्याला सुमारे १४ तास, सिंगापुरात सुमारे ३. भरपूर उजेडात डोळ्याच्या पटलातून डोपामिन हे द्रव्य स्रवते आणि ते बुबुळामागील गोलकाची अवाजवी लांबी रोखते, असे संशोधक मानतात. म्हणजे पुस्तक असो वा मोबाईल, मूल खोलीत कोंडले गेले तर डोळ्याला त्याची किंमत मोजावी लागते.

मुलांच्या शरीराची स्थितीही चिंताजनक आहे. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल असा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०१६ च्या जागतिक आकडेवारीनुसार अकरा ते सतरा वयोगटातील ८१ टक्के मुले ही मर्यादा गाठत नव्हती. मुलींमध्ये हे प्रमाण ८५ टक्के होते. मैदान जेथे आहे, तेथेही ते मुलींचे झालेले नाही, असा याचा अर्थ.

यावर उपाय अवघड नाही. चीनमधील ग्वांगझौ येथे सहा शाळांतील पहिलीच्या मुलांना रोज केवळ ४० मिनिटांचा एक जादा तास उघड्यावर देण्यात आला. तीन वर्षांनंतर त्यांपैकी सुमारे ३० टक्के मुलांना नव्याने लघुदृष्टिदोष झाला. इतर शाळांत तेच प्रमाण सुमारे ४० टक्के होते. औषध नाही, यंत्र नाही. वेळापत्रकातील एक तास मात्र लागला.

परीक्षा जवळ आली की शाळांमध्ये पहिला बळी खेळाच्या तासाचा जातो. ज्या नगराने व्यायामाला कोशाची प्रतिष्ठा दिली, त्या नगरातील मराठी शाळेला हे शोभणारे नाही. आपल्या शाळेच्या पुढील वाटचालीचा संकल्प करताना नव्या संगणक कक्षाइतकाच विचार मोकळ्या मैदानाचा व्हावा, तेथे मुलींचा हक्क मुलांइतकाच असावा, आणि खेळाचा तास गणिताच्या तासाइतकाच अढळ राहावा. मुलांना बसविण्याचे काम आपण शतकाहून अधिक काळ चोख केले. त्यांना रोज उठविण्याचे कामही आता आपलेच आहे.