किल्ल्यावरचा दौलतखान

लहानपणी दिवाळीत येवल्याच्या आमच्या गल्लीतली पोरं दगडमातीचा किल्ला करत. वर सिंहासनावर शिवराय, तटावर मातीचे मावळे. त्यांचे उडालेले रंग दरवर्षी मी भरायचो. एकदा मित्रानं सहज विचारलं, ‘‘यात तुमच्यातला कोण रे?’’ मी गप्प झालो.

उत्तर पुढे बी.ए.ला असताना इतिहासात सापडलं. पायदळाचे सरनोबत नूरबेग. १६७९ साली खांदेरीपाशी इंग्रजांशी झुंजलेल्या शिवरायांच्या आरमाराचे एक प्रमुख दौलतखान.

त्या दिवाळीत किल्ल्याच्या पायथ्याशी परातभर पाणी ठेवलं, कागदी होडीत एक मावळा उभा केला.

‘‘हा कोण?’’ मित्रानं विचारलं.

‘‘दौलतखान.’’

त्यानं वाकून एक पणती होडीजवळ सरकवली. मावळे एकाच साच्यातले. उजेडात सगळ्यांचा चेहरा सारखाच दिसत होता.