मागणाऱ्याची मान

मागणं ही तशी अवघडच गोष्ट. पेलाभर पाणी मागायचं असो की नोकरी, मागताना माणसाची मान थोडी खाली जातेच. हे मागणं सुसह्य व्हावं म्हणून प्रत्येक भाषेनं काही शब्द घडवले. मी कविता लिहिणारा माणूस; शब्दांची कुळकथा शोधायची मला खोड आहे. आज जपानीतल्या अशाच एका शब्दाची कुळकथा सांगतो. तो शब्द म्हणजे 'कुदासाई'.

जपानी शिकणाऱ्याला हा शब्द सुरुवातीलाच भेटतो. 'मिझु ओ कुदासाई' म्हणजे 'पाणी द्या'. 'रिंगो ओ मित्सु कुदासाई' म्हणजे 'तीन सफरचंदं द्या'. आधी वस्तू, मग 'ओ', लागली तर संख्या आणि शेवटी 'कुदासाई'. दुकानात, खानावळीत एवढ्यावर भागतं.

पण हा शब्द जरा उकलून पाहा. 'कुदासाई' हे 'कुदासारु' या क्रियापदाचं आज्ञार्थी रूप. त्याचं नातं 'कुदासु'शी, म्हणजे वरून खाली पाठवण्याशी. तो ज्या चित्राक्षरानं लिहितात, त्याचा अर्थच मुळी 'खाली' असा आहे. म्हणजे देणारा वर, मागणारा खाली. घरात मुलं 'च्योदाई' म्हणतात. त्यातलं पहिलं अक्षर डोक्याच्या माथ्याचं, दुसरं माथ्यावर धारण करण्याचं. नम्रपणे घेणं म्हणजे 'इतादाकु', आणि 'इतादाकी' म्हणजे डोंगराचं शिखर. जेवणाआधी जपानी माणूस 'इतादाकिमासु' म्हणतो, तो याच शब्दानं. आपल्याला हे परकं वाटू नये. मराठीत आपण 'शिरसावंद्य' म्हणतो, उर्दूत 'सर आँखों पर'.

शब्दांची ही उतरंड बाहेरच्यांच्याही फार लवकर लक्षात आली, आणि त्या कथेचा एक धागा आपल्या गोव्यातून जातो. युरोपला गेलेले चार जपानी तरुण परतताना गोव्यात थांबले होते. त्यांतल्या एकाचं लॅटिन भाषण 1588मध्ये गोव्यातच छापलं गेलं. 1590मध्ये ते आणि पाद्री वालिन्यानो छापखाना घेऊन जपानला पोचले. पुढं जुआंव रॉड्रिग्ज या पोर्तुगीज जेझुइटानं लिहिलेलं जपानीचं मोठं व्याकरण 1604 ते 1608 या काळात नागासाकीत छापलं गेलं. इकडं फादर स्टीफन्स यांचं मराठी 'क्रिस्तपुराण' 1616चं, म्हणजे त्याच पिढीतलं. रॉड्रिग्जनं आदरार्थी बोलण्यावर बरंच लिहिलं. तो हिदेयोशी आणि इएयासूंसारख्या सत्ताधीशांसमोर दुभाषाचं काम करी. समोरच्याची पायरी ओळखल्याशिवाय तिथं तोंड उघडण्याची सोय नव्हती.

तोकुगावांच्या काळात, 1603 ते 1868, ही पायरी जन्मानंच ठरे. 1868नंतर सामुराईंचे विशेष हक्क एकेक करून गेले, पण भाषेतली उतरंड राहिली. कायदा एका दिवसात बदलता येतो. जीभ कशी बदलणार?

दुसऱ्या महायुद्धातल्या पराभवानंतर 1947मध्ये नवी राज्यघटना अमलात आली. कायद्यापुढं सगळे समान झाले. मग प्रश्न आला, समान माणसांनी एकमेकांशी बोलायचं कसं? एप्रिल 1952मध्ये तिथल्या राष्ट्रीय भाषा परिषदेनं 'यापुढची आदरार्थी भाषा' या विषयावर शिफारशी केल्या. सांगणं असं होतं की, आजवरचा आदर मुख्यतः वरिष्ठ-कनिष्ठ नात्यावर वाढला. यापुढं तो परस्परांच्या सन्मानावर उभा राहावा. 2007च्या मार्गदर्शिकेनं परस्पर आदराचा तोच धागा पुढं नेला.

मला या शिफारशीत मोठं शहाणपण दिसतं. त्यांनी 'कुदासाई' काढून टाका, असं म्हटलं नाही. शब्द तेच ठेवले, त्यांखालची जमीन बदलायला सांगितली. आज गिऱ्हाईक दुकानदाराला 'कुदासाई' म्हणतं, तेव्हा दुकानदार उंचावर बसलेला नसतो.

मात्र शब्द नाण्यासारखे झिजतात. मूळचा एवढा नम्र 'कुदासाई' आता वरिष्ठांपुढं नुसता वापरला, तर हुकूम वाटू शकतो. म्हणून तिथं 'इतादाकेमासेन का' म्हणतात. त्याचा भाव असा, 'मला हे मिळू शकणार नाही का?' यात तीन गोष्टी झाल्या. 'तुम्ही द्या' ऐवजी 'मला मिळेल' आलं. हुकमाचा प्रश्न झाला. आणि प्रश्न नकारार्थी झाला. समोरच्याला 'नाही' म्हणायला दार उघडं राहिलं. माझ्या मते खरी सभ्यता तीच.

आपणही 'पाणी द्या' ऐवजी 'पाणी मिळेल का?' म्हणतो, ते याच वाटेनं. पण आपल्या अर्जाच्या सुरुवातीला कितीतरी वर्षं 'मेहेरबान साहेब' बसून होते. 'कृपया'तली कृपासुद्धा वरूनच उतरते. रेशनकार्ड, दाखला, सातबारा मागणारा माणूस हक्काचंच मागतो, तरी त्याचा आवाज दबका होतो. आणि खिडकीपलीकडचा मात्र त्याला अनेकदा 'अरे-तुरे'च करतो. आदर तळातून वर जातो, वरून खाली येत नाही.

जपाननं 1952मध्ये स्वतःला विचारलेला प्रश्न म्हणून मला आपलाही वाटतो. मागणाऱ्यानं नम्र असावं, यात वाद नाही. पण देणारा तितकाच नम्र असेल, तरच मागणाऱ्याची मान ताठ राहील.