निर्वात डाखशोषक
मुद्रित मंडलाच्या पट्टावरील जोडाचा डाख (सोल्डर) वितळवून तो कमी दाबाच्या साहाय्याने ओढून घेणारे उपकरण. घटक व पट्ट या दोहोंना इजा न होता जोड सोडविणे, हे त्याचे प्रयोजन होय.

पूर्वी निर्वात नलिकांच्या रेडिओत तारा धातूच्या फाळक्यांना गुंडाळून डाखीत. असा जोड तापवून चिमट्याने तार सोडविणे पुरेसे असे. पॉल आइस्लर या ऑस्ट्रियन अभियंत्यांनी १९३६ च्या सुमारास लंडनमध्ये मुद्रित मंडलाचे काम आरंभिले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर या पद्धतीचा प्रसार झाला. पुढे पट्टाच्या दोन्ही बाजूंचे मार्ग तांब्याचा आतून मुलामा दिलेल्या छिद्रांनी जोडले जाऊ लागले. अशा छिद्रातील डाख केशाकर्षणामुळे वितळल्यावरही आतच राहतो. १९६४-६५ मध्ये अमेरिकेत १४ पायांचे संकलित मंडल प्रचारात आले, तेव्हा अडचण आणखी वाढली. कारण सर्व पाय मोकळे झाल्यावाचून घटक निघत नाही. बळाने ओढल्यास छिद्राचा मुलामा उखडून पट्ट निकामी होतो.

रबरी फुगा, स्प्रिंगचा दट्ट्या व तांब्याच्या तारांची वेणी ही साधने स्वस्त आहेत. तथापि फुगा किंवा दट्ट्या वापरताना तापविणे व शोषणे ही कामे दोन साधनांनी होतात. मधल्या क्षणात डाख थिजू लागतो. तापक व शोषण एकाच हत्यारात आणून हा दोष दूर करण्यात आला.

या हत्याराचे टोक पोकळ असते. ते पायावर बसवून डाख पट्टाच्या दुसऱ्या बाजूपर्यंत वितळू देतात, पाय हलकेच फिरवितात व मगच खटका दाबतात. पंपाने आतील दाब कमी होताच बाहेरील हवा छिद्रातून आत घुसते, डाख वाहून नेते आणि पायही थंड करते. त्यामुळे पाय भिंतीला पुन्हा चिकटत नाही. डाख नळीत साठतो. अभिवाहाची वाफ गाळणीत अडते.

शोषण मंदावण्याची कारणे बहुधा तीन : टोकात थिजलेला डाख, कोंदलेली गाळणी व झिजलेली रबरी कडी. टोक तापलेले असतानाच योग्य जाडीच्या सळईने साफ करतात, त्यावर डाखाचा पातळ थर ठेवतात, नळी वेळेवर रिकामी करतात आणि कडक झालेली गाळणी बदलतात. या कामी हयगय झाल्यास नुकसान हत्याराचे नव्हे, तर दुरुस्तीस आलेल्या पट्टाचे होते. अर्धवट रिकामे झालेले छिद्र कारागिराला जोर लावण्यास प्रवृत्त करते. साठलेल्या डाखात शिसे असल्यास तो हाताळल्यावर हात धुणे अगत्याचे असते.

६३ टक्के कथिल व ३७ टक्के शिसे असलेला डाख १८३° से.ला वितळतो. यूरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून शिशाच्या वापरावर निर्बंध घातल्यावर कथिल, चांदी व तांबे यांचा डाख रूढ झाला. तो सुमारे २१७° से.ला वितळू लागतो. त्यामुळे पट्ट अधिक तापवावा लागतो आणि चुकीला वाव कमी उरतो. पृष्ठभागावर बसविलेले घटक काढण्यास उष्ण हवेचा झोत वापरतात. परंतु जोडखुंट्या, रोहित्रे व मोठी धारित्रे आजही छिद्रांतच बसविली जातात. जुनी उपकरणे कचऱ्यात न टाकता वापरात ठेवणे बऱ्याच अंशी या हत्यारावर अवलंबून आहे.