एफ-टू दाबा, फोटो तयार!

दहावी-बारावीचे निकाल लागले की फोटो स्टुडिओत पाय ठेवायला जागा नसते. प्रत्येकाला पासपोर्ट फोटो हवा, आणि तोही आत्ताच्या आत्ता! 2006 च्या जूनमध्ये इंजिनिअरिंगच्या सुट्टीत कळंबला आलो होतो, तेव्हा ओळखीच्या एका स्टुडिओत जाऊन बसायचो. तिथले मामा फोटो उघडायचे, चेहऱ्याभोवती चौकट लावायचे आणि एफ-टू दाबायचे. बाकी सगळं आपोआप... रंग सुधारायचे, पांढरी कड यायची आणि 4 बाय 6 इंची कागदावर साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचे 8 फोटो ओळीत बसायचे. मी कॉलेजात सी++ शिकत होतो, पण माझ्या प्रोग्रॅमसाठी कधी कुणी रांग लावली नव्हती :)

या एफ-टूमागं मोठी गोष्ट आहे. 1987 साली मिशिगन विद्यापीठात शिकणाऱ्या थॉमस नोलनं 'डिस्प्ले' नावाचा प्रोग्रॅम लिहायला घेतला. त्याचा भाऊ जॉन सिनेमाच्या स्पेशल इफेक्ट्सचं काम करायचा. दोघांनी मिळून तो वाढवला आणि फेब्रुवारी 1990 मध्ये ॲडोबीनं फोटोशॉप 1.0 बाजारात आणलं. 1996 साली 4.0 आवृत्तीत 'ॲक्शन्स' आल्या. रेकॉर्ड दाबायचं, काम एकदा करून दाखवायचं, स्टॉप दाबायचं. पुढं ते काम एका बटणावर. 'बॅच' लावलं तर अख्ख्या फोल्डरवर!

कल्पना तशी जुनीच. 1804 च्या सुमारास फ्रान्समध्ये जॅकार्डनं भोकं पाडलेल्या पत्त्यांवरून नक्षी विणणारा माग केला. सोलापुरी चादरीची नक्षी जॅकार्डवरच उतरते. नक्षी एकदा बसवा, चादरी कितीही काढा. पण जॅकार्ड बसवायला कारागीर लागतो, प्रोग्रॅम लिहायला प्रोग्रामर लागतो. ॲक्शनला दोन्ही लागत नाहीत. मामांनी एक ओळही न लिहिता प्रोग्रॅम केला होता.

अर्थात ॲक्शनला अक्कल नव्हती. फोटो उभा असेल तर हे कर, आडवा असेल तर ते, असं तिला सांगता येत नसे. ती 'जर-तर'ची सोय 2012 साली आली, म्हणजे तब्बल 16 वर्षांनी. तोवर उभ्यासाठी एक ॲक्शन, आडव्यासाठी दुसरी, लग्नाच्या अल्बमसाठी आणखी चार. त्यामुळं ॲक्शन बनवण्यापेक्षा त्या नीट लावून ठेवणं हेच खरं काम होऊन बसलं.

आणि तिथंच मामा फसले. ऐन गर्दीत कॉम्प्युटर बंद पडला, फॉरमॅट करावा लागला. फोटोंच्या सीडी होत्या. ॲक्शन्स मात्र गेल्या.

"मामा, ॲक्शन सेव्ह केल्या नव्हत्या का?"

"पॅलेटमधी दिसायलंय म्हणल्यावर सेव्हच असंल की!"

चूक त्यांची म्हणवत नाही. सेट निवडून 'सेव्ह ॲक्शन्स' केलं, तरच .एटीएन नावाची वेगळी फाईल तयार होते, आणि तीच दुसरीकडं ठेवता येते. हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

रात्री आम्ही दोघं नव्यानं रेकॉर्ड करायला बसलो. तेव्हा कळलं की मामांना क्रमच आठवत नव्हता. आधी कर्व्ह्ज की आधी शार्पन? कड किती पिक्सेलची? दोन वर्षं फक्त एफ-टू दाबलेलं. मशीन शिकलं आणि हात विसरला. रात्री दोनला जमलं एकदाचं. पासपोर्ट, लग्न, जुने फोटो असे तीन सेट केले, प्रत्येक ॲक्शनला आकडा दिला आणि फाईल सीडीवर घेतली. शिवाय मी हट्टानं एका वहीत सगळ्या पायऱ्या लिहून ठेवल्या, आणि प्रत्येकीपुढं ती का, तेही.

आज ऑफिसात कुणी म्हणतं, "स्क्रिप्ट आहे की, डॉक्युमेंट कशाला?" तेव्हा मला ती वही आठवते. काय करायचं ते मशीन लक्षात ठेवतं. का करायचं, ते आपणच लिहून ठेवावं लागतं.

असो. तुमचा एफ-टू कुठला, आणि त्याची वही आहे का, बघा एकदा.